ढेपेचे चार हिस्से

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०
नवी डायरी. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, डायरी सुटली नाही. तेहतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन केलं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं माझं स्पष्ट मत.
यंदाचे संकल्प. एक, सहलीत कुणावर ऑर्डरी सोडायच्या नाहीत. दोन, शिट्टी वाजवायची नाही (अगदीच इमर्जन्सी असेल तर एकदा). तीन, गोड बंद. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, मला वाटलं म्हणून.
सहल म्हणजे आपली कोल्हापूरची. आईचं माहेर तिकडचं. दर जानेवारीत ती आम्हा चौघा भावंडांना बायकापोरांसकट घेऊन जायची. मिसळ, तांबडा-पांढरा, रंकाळ्यावर भेळ, चपला, आणि शेवटच्या दिवशी गुऱ्हाळातून गुळाची अख्खी ढेप. घरी आल्यावर तिचे चार सारखे हिस्से. गेल्या मार्चमध्ये आई गेली. तिच्याशिवायची ही पहिली सहल, तेव्हा जबाबदारी माझी. बाबा गेले तेव्हा मी एकोणीसचा होतो. सुमेधा, सुशांत, दिपेश, तिघांनाही मी वाढवलंय. आम्हाला मूल झालं नाही, पण ते कधी जाणवलं नाही ते या तिघांमुळेच.
चौघं एका टेबलावर जेवलो की झालं. बाकी मला काही नको.

४ जानेवारी, रविवार
ग्रुपवर वेळापत्रक टाकलं. पीडीएफ, चार पानं. शनिवार २४ ते सोमवार २६. मिसळ १२.३० (कट दोनदाच मागायचा). पोरांनी मंचुरियन मागायचं नाही, ही ओळ बोल्ड केली. दहा माणसं, तेरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. कुणी कुठे बसायचं त्याचा नकाशा पान चारवर.
सगळ्यांच्या निळ्या टिका आल्या. उत्तर कुणाचंच नाही. म्हणजे हरकत कुणाचीच नाही.
शेवंती म्हणाली, अहो, यायचंय का ते आधी विचारा तरी. म्हटलं, घरच्या माणसांना कोण विचारतं? घरच्यांना तारीख सांगतात.

६ जानेवारी, मंगळवार
सुशांतचा ठाण्याहून फोन. म्हणाला, दादा, सॉरी रे, ऑडिट लागलंय. संचितालापण सुट्टी नाही. तू टेन्शन नको घेऊस, तुम्ही मस्त जाऊन या.
सव्वीस जानेवारीला कसलं ऑडिट, असं शेवंती म्हणाली. तिला प्रायव्हेट कंपन्यांचं काय माहीत!
त्यांच्या पोरासकट तीन सीटा कमी. नकाशा नव्याने काढला. सात माणसं. उलट आटोपशीर झालं.

१० जानेवारी, शनिवार. दुपारी १२.४०
यंदा मसाला किलो किलो घ्यायचा की दीड, ते विचारायला तिघांना फोन केले. सुशांत आउट ऑफ कव्हरेज. कोपरचा दिपेश आउट ऑफ कव्हरेज. शहाडची सुमेधाही आउट ऑफ कव्हरेज. म्हणजे ठाण्यापासून शहाडपर्यंत अख्ख्या पट्ट्यात टॉवर डाउन!
कस्टमर केअरला पंचवीस मिनिटं घालवून तक्रार नोंदवली. बाई म्हणाली, सर, तुमच्या एरियात प्रॉब्लेम दिसत नाही. तिला म्हटलं, दिसत नाही म्हणजे नाही असं होत नाही. मुलीला इन्स्पेक्शनचे चार धडे दिले.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
दिपेशकडे कोपरला तिळगूळ द्यायला गेलो. दारात नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला. गेल्या वर्षी मीच घेऊन दिलेल्या, अजून करकर वाजतात. निगा राखायला शिकवलं की वस्तू अशी टिकते.
त्याची समृद्धी सात वर्षांची. माझ्या मांडीवर चढून म्हणाली, मोठे काका, गुऱ्हाळात मी दोन ग्लास रस प्यायले आणि काकवी अंगावर सांडली. तेवढ्यात तिच्या आईने तिच्या तोंडात लाडू कोंबला. पोरीची स्मरणशक्ती बघा. गेल्या वर्षीचं कसं कालपरवाचं असल्यासारखं सांगते! आमच्या घराण्यातच आहे ते.
निघताना दिपेश म्हणाला, दादा, सव्वीसला हिच्या शाळेत झेंडावंदन, हिचा डान्स आहे. बघतो. नाहीतर पुढच्या वेळी नक्की.
बघतो म्हणाला. नाही म्हणाला नाही.
तिथे तिळगूळ दोन खाल्ले. चिक्कीच्या गुळाचे नव्हते. अस्सल कोल्हापुरी. हल्ली डोंबिवलीत सगळं मिळतं.

१९ जानेवारी, सोमवार
सुमेधाचा फोन. मेव्हण्यांचा गुडघा दुखतो. म्हटलं, ट्रॅव्हलरमध्ये गुडघ्याचं काय काम, बसायचंच तर आहे. ती म्हणाली, दादा, या वेळी राहू दे ना रे.
आवाज बसलेला होता. सर्दी असणार.
शेवंती म्हणाली, गाडी कॅन्सल करा, आपण दोघं रेल्वेने जाऊ. मी ठाम नकार दिला. आपली माणसं ऐनवेळी येतात. दिपेशच्या लग्नाला सुशांत अक्षता पडताना आला होता. गाडी लहान घेतली आणि सगळे आले तर?

२४ जानेवारी, शनिवार. पहाटे ५.२०, कोपर
दिपेशच्या बिल्डिंगखाली गाडी उभी करून पंधरा मिनिटं झाली. तिसऱ्या मजल्यावर अंधार. ड्रायव्हर साईनाथ विचारतो, साहेब, अजून कोण येणारे का? म्हटलं, थांब जरा.
५.३०. खिडकीत लाइट लागला. पडदा हलला. लाइट बंद झाला. पाणी भरायला उठले असतील. इतक्या पहाटे झोपमोड नको म्हणून हाक मारली नाही.
ठाण्याला सुशांतकडेही एक चक्कर टाकू म्हणालो. साईनाथ म्हणाला, साहेब, ते पार उलटं पडतं. ऑर्डर सोडायची नाही हा संकल्प असल्याने ऐकलं.
५.४०. हजेरी घेतली. हजर दोन. शेवंतीला नकाशाप्रमाणे सीट नंबर तीनवर बसवलं, मी एकवर. तिने मागून विचारलं की मी तुमच्या बाजूला बसले तर चालेल का. म्हटलं, दोनवर सुमेधा आहे. मग म्हटलं, ये.

२४ जानेवारी. दुपारी ३.३०, कोल्हापूर
मिसळ तासभर उशिरा, बाकी उत्तम. वेळापत्रकाप्रमाणे दहा सांगितल्या. वेटर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिला. दोन आणवल्या. दिपेश असता तर तिसऱ्यांदा कट मागितला असता आणि मी ओरडलो असतो. आज कुणीच तिसऱ्यांदा मागितला नाही. शिस्तीत झालं सगळं.
नंतर एक वाटी कट मी मागवला. संपला नाही.

२५ जानेवारी, रविवार
दुपारी मटण थाळी. पांढरा रस्सा सुशांतचा, सुकं दिपेशचं, सोलकढीऐवजी ताक सुमेधाचं, हे पाठ आहे. चार थाळ्या सांगितल्या. शेवंतीने तिची अर्धीच खाल्ली. उरलेल्या मी खाल्ल्या, कारण अन्न टाकणं आपल्यात नाही. एकेका वाटीचा फोटो ग्रुपवर टाकला. सुशांतने अंगठा टाकला. बघा, ऑडिटमध्येसुद्धा लक्ष आहे त्याचं.
संध्याकाळी ६.१५, रंकाळा. भेळ.
इथलं एक लिहायचं राहिलंय. गेल्या वर्षी ६.३० ला निघायचं ठरलं होतं. आई या कठड्यावर भेळेचा कागद मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, अजून दहा मिनिटं बसू द्या रे, वारा छान आहे. मी शिट्टी वाजवली. समोर धार काढून दूध देतात तो दुधाचा कट्टा वेळापत्रकात होता आणि म्हशी काही आमच्यासाठी थांबत नाहीत. आई उठली. भेळ अर्धी तशीच राहिली. सुमेधा माझ्याकडे बघत होती. वेळ पाळणं हा गुन्हा नाही. पण तसं बघण्यासारखं काही झालं खरं.
आज शेवंतीला म्हटलं, बस हवं तेवढं. दहा मिनिटांनी तीच म्हणाली, चला, थंडी वाजते. शिट्टी खिशात होती. वाजवली नाही. संकल्प पाळला, याची नोंद.

२६ जानेवारी, सोमवार
खरेदी. कांदा-लसूण मसाला चार किलो. लवंगी मिरची. काकवीच्या चार बाटल्या. चपला आठ जोड. आई प्रत्येकाचं पाऊल वर्तमानपत्रावर पेन्सिलने काढून ठेवायची, ती गुंडाळी नेली होती. दुकानदार म्हणाला, पोरांची पावलं वाढली असतील की ओ. म्हटलं, मापात बदल झाला तर आम्हाला कळवतात.
गुंडाळीत आईचंही पाऊल निघालं. अंगठा जरा वाकडा. दुकानदाराने ते मापही काढायला घेतलं. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. थोडा वेळ बाहेर उभा राहिलो.
गुऱ्हाळातून दहा किलोची ढेप. रंग पास, कण पास. गुऱ्हाळवाला ओळखीचा. म्हणाला, परत आलासा व्हय? म्हटलं, दर वर्षी येतो. तो म्हणाला, तसं न्हवं, मागच्याच... आणि शेवंतीने त्याला काकवीचा भाव विचारला. तिला भाव माहीत होता.

२८ जानेवारी, बुधवार
आतल्या खोलीतल्या पलंगावर चार वाटे मांडले. सुरी गॅसवर तापवून ढेप कापली, आई कापायची तशी. गुण्या लावून तपासलं, चारही हिस्से बरोब्बर काटकोनात. आईचा नियम होता की जो कापेल त्याने शेवटी उचलायचं. म्हणजे आधी तिघांनी उचलायचं, मग मी. तोवर आमचाही वाटा तिथेच राहील.
ग्रुपवर टाकलं: रविवारी ४ ते ६, वाटे नेण्यास येणे. चहा आहे.

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.३०
चहाचा थर्मास भरून ठेवला होता. कुणी आलं नाही. तीन मेसेज आले, तिन्ही जवळजवळ सारखे. भावंडांचे विचार किती जुळतात. थर्मासातला चहा आम्ही दोघांनी संपवला. रात्रीसाठी आम्ही हॉलमध्ये गादी घातली, कारण पलंगावर वाटे आहेत.

८ फेब्रुवारी, रविवार
मुंग्या. पलंगाच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या ठेवल्या. गूळ पाघळायला लागलाय, चादरीला डाग. खोलीला मसाल्याचा वास, शेवंती शिंकते. ती म्हणाली, अहो, त्यांना नकोय ते. हे तिला कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, कुणी नाही.
कुणी सांगितलं नाही म्हणजे तसं नाही. मीच घरपोच देणार. आधी सुमेधा. बाजारचा गूळ वापरत असेल बिचारी.

२२ फेब्रुवारी, रविवार
शहाडला जाऊन आलो. न कळवता गेलो. सरप्राइज.
सुमेधा गडबडली, मग बस म्हणाली. मेव्हणे जिना चढून दूध घेऊन आले. गुडघा बरा दिसला. मी गूळ ठेवायला सरळ स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर झाकण काढलेला डबा होता. त्यात ढेपेचा हिस्सा. बाहेरच्या गोल बाजूने खरवडलेला. टोक शाबूत.
मी तो बाहेर काढला नाही. हातही लावला नाही. कोन मला डोळ्यांनी कळतो. चार हिस्से केले तर टोक काटकोनात येतं. हे काटकोनात नव्हतं. एकशेवीस अंश. ढेपेचे तीन हिस्से झाले होते.
सुमेधा दारात उभी होती. मी कुठे बघतोय ते तिने बघितलं.
मी विचारलं, कधी गेलेलात? ती म्हणाली, जानेवारीच्या दहा तारखेला. दोन दिवस.
दहा तारीख. टॉवर चालू होता.
कुणी कापली विचारलं. म्हणाली, दिपेशने. तू करतोस तशी, सुरी तापवून. काप सरळ होता. चूक काढायला जागा नव्हती. त्याने शेवटी उचललं का, हे विचारणार होतो. त्याऐवजी विचारलं, रंकाळ्यावर बसलात?
तिचे डोळे भरले. म्हणाली, हो दादा. काळोख पडेपर्यंत बसलो. आईच्या नावाची एक भेळ घेतली होती.
मग म्हणाली, कुणी उठवलं नाही.
म्हटलं, बरं केलंत. चहा घेतला. गुळाचा होता. तिचा वाटा ओट्यावर ठेवायला वाकलो, तर ती म्हणाली, राहू दे ना, दोन दोन कुठे ठेवू. तशीच पिशवी परत आणली.

२३ फेब्रुवारी, सोमवार
शेवंतीने गुळाचे चारही वाटे एका डब्यात भरले. बसले. चादर धुवायला टाकली. संध्याकाळी तिने विचारलं की आज पलंगावर झोपायचं ना. हो म्हटलं.
आईच्या पावलाचा कागद या पानात ठेवला आहे.