इकारियातली कॉफी आणि माझं लग्न

३ फेब्रुवारी
ठरलं. बासष्टाव्या वर्षी माणसाने स्वतःसाठी जगायला हरकत नाही. यंदा कालिरोईला मागणी घालायची, बाबांच्या कॉफीच्या दुकानातून सुटायचं आणि बंदरावर तिच्या घरी राहायला जायचं. ती विधवा, मी बिनलग्नाचा. अडचण फक्त बाबांना सांगण्याची. आज सांगणारच होतो, पण गिऱ्हाईक आलं.

९ फेब्रुवारी
अथेन्सहून डॉक्टर आलेत. आमच्या इकारिया बेटावरची माणसं इतकी का जगतात, ते शोधायला. बाबांना तपासलं. वय एक्क्याण्णव, ब्लडप्रेशर तरण्या पोराचं. माझं बघून डॉक्टरीणबाईंनी पट्टा पुन्हा बांधला. मशीन बिघडलेलं असणार.

१० फेब्रुवारी
बाबांचं गुपित कळलं म्हणे. उकळलेल्या कॉफीचे दोन छोटे कप, दुपारची झोप आणि चांगली सोबत. असंच चालू ठेवलं तर शंभरी नक्की. बाबा म्हणाले, "पुढचं बोला!"
ती कॉफी उकळतो मी. म्हणजे मला इथे डांबून ठेवणाऱ्या माणसाचं आयुष्य रोज मीच वाढवतोय. असले विचार बरे नव्हेत. मला मात्र डॉक्टरांनी फ्रापे, म्हणजे माझी बर्फाची गार कॉफी, सोडायला सांगितलंय. उद्यापासून बंद.

११ फेब्रुवारी
एकच घेतला. दुसरा अर्धाच होता.

२० फेब्रुवारी
कालिरोई आता रोज येते! मी मागे गरम राखेवर कॉफीचं भांडं धरून उभा. फेस मोडला की बाबा कप परत पाठवतात, हलायची सोय नाही. त्यामुळे ती बाबांशीच बोलत बसते. सासऱ्याला आधी खिशात घालतेय. हुशार आहे.

६ मार्च
कालिरोई बाबांना "अनार्गिरोसकाका" म्हणायची, आता नुसतं "अनार्गिरोस". किती पटकन घरची झाली! बाबाही खुलले आहेत, मिशीला तेल लावतात.
आज हिय्या करून म्हणालो, बाबा, जरा बोलायचं होतं. "आधी कॉफी आण, पोरा." आणली. प्यायले आणि झोपले.

२२ मार्च
कालिरोईने बाबांचा रिकामा कप बशीत पालथा घालून भविष्य बघितलं. गाळाकडे बघून लाजली. "ईस्टरचे उपास संपले की या घरात लग्न दिसतंय." बाबा गालात हसले. मी मागे जाऊन आनंदाने रडलो. तोंड न उघडता काम झालं! त्या खुशीत तीन फ्रापे.

११ एप्रिल
सूट शिवायला टाकला. फोकास शिंपी म्हणतो, "पांतेली, नवरदेवाचं माप मी कालच घेतलं की!" बिचाऱ्याला काही आठवत नाही आता.

९ मे
बाबांनी जेवताना सांगितलं. कुणाचं लग्न, ते. ओरडावंसं वाटलं. "अभिनंदन" म्हणालो.

१३ मे
काल लग्न लागलं. आमच्या रीतीप्रमाणे नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल करायचा मान माझा. सूट अंगाला छान बसला होता.
बंदरावरचं घर कालिरोईने भाड्याने दिलं. ती इथेच राहणार. मीही इथेच. जाणार कुठे?
सकाळी बाबा म्हणाले, "आता हिला आई म्हणायचं." माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे ती. मी मान खाली घालून भांडं राखेवर ठेवलं आणि विचारलं, "आई, साखर किती?"