रोवणीत उरलेली बाई

१४ जुलै २००३, सोमवार
आज जीव टांगणीला लागला होता. अंगणवाडीतून घरी आले तर मागच्या दाराची कडी काढलेली, सासूबाई गायब. सगळं चामोर्शी पालथं घातलं. बाजार, स्टँड, देऊळ. सापडल्या कुठे, तर गावाबाहेरच्या एका बांधीत, वाकून धान रोवताना! तिथे दोन गावांच्या बायांच्या टोळ्या होत्या. या टोळीला वाटलं त्या टोळीची, त्या टोळीला वाटलं या टोळीची. संध्याकाळी दोन ट्रॅक्टर आले, बाया आपापल्या गावच्या ट्रॅक्टरात चढल्या आणि एक उरली.
मला बघून म्हणाल्या, "तू कोन्या गावची व बाई?" लग्न झाल्यापासून एका चुलीवर आहोत आम्ही दोघी.

१५ जुलै
टोळीची पुढारी जनाबाई दारात. "बाईचा हात अजून मस्त चालते. धाडा आमच्यासंगं, ध्यान ठेवतो. काऊन कोंडून ठेवता?"
कोंडून. लागलं मनाला. पण अंगणवाडी (अं.वा.) कोणी चालवायची? तिथे पोरांत बसवून पाहिलं होतं, वरच्या मॅडमनी नको नको ते ऐकवलं.
पाठवलं.

२० जुलै, रवि.
हे आले. राजुऱ्याकडे खाणीत नोकरी, आठवड्याला एकदा तोंड दाखवणार. स्टँडवरच कुणीतरी कान भरले होते. "माह्या मायले मजुरीले धाडतेस? लोक तोंडात शेन घालून राह्यले." म्हटलं, आठ दिवस इथे राहून दाखवा.
सा.बा. आता रात्री शांत झोपतात. पाय चिखलाने खाल्लेत. तेल लावलं तर हसल्या. हे कुणाला सांगू?

८ ऑगस्ट
रोवणी संपत आली. मग कापणीपर्यंत काही नाही. पुढे काय? डोकं चालत नाही, पाठ तर कामातूनच गेली.
हे नागपूरच्या वृद्धाश्रमात विचारून आले. घेतात म्हणे. पण तिथे बांधी कुठली, ओळखीची हाक तरी कुठली. इकडे जवळपास असं काही

(झोप लागली होती.)

१५ ऑगस्ट
झेंड्यानंतर ग्रामसभा. धीर करून उठले. म्हटलं, समाजमंदिर दिवसा रिकामंच असतं. ज्यांना काही आठवत नाही अशा म्हाताऱ्यांना तिथे बसवू, लक्ष द्यायला एक बाई ठेवा. पोरांची अंगणवाडी असते, म्हाताऱ्यांची का नको? सगळे हसले. सरपंच म्हणाले, "ताई, घरचे म्हातारे घरीच पाहाव मानसानं." टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या एकानेही आईचं लुगडं धुतलं नसेल, लिहून देते.
बाहेर नसरीन थांबली होती, शिंप्याची सून. हळूच म्हणाली, "भाभी, आमचे अब्बाबी असेच हायेत. मी पानी भराले गेली का मशीनच्या पायाले बांधतो त्याईले. कोनाले सांगू नका."

२४ ऑगस्ट, रवि.
ह्यांनी उद्याची रजा काढली. सकाळच्या बसने नागपूर. सा.बां.ची बॅग भरली मी. नको, असं म्हटलं नाही. थकले आहे. आता सुटणार, असं वाटलं आणि लाज वाटली.

२५ ऑगस्ट
निघायच्या वेळेला नसरीन दारात, सासऱ्याचा हात धरून. माहेरी मयत झाली. "आजचा दिवस बसू द्या, भाभी. बांधून जावत नाई."
ओसरीवर बसवलं. चाचांनी खिशातून टेप काढली, खांबाचं माप घ्यायला लागले. एक टोक सा.बां.च्या हातात दिलं, त्यांनी घट्ट धरलं. तिकडे बस गेली. माझी अं.वा.ची वेळ झालेली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. बॅग खाली ठेवून म्हणाले, "आजच्या दिवस मी बसतो."
परत आले तर दारात आडवी खाट, ओसरी ओली, ह्यांचा शर्ट घामाने चिंब. म्हणाले, "तू रोज कशी करतेस व?" इतका राग आला की रडूच आलं.
संध्याकाळी नसरीन चाचांना न्यायला आली. "भाभी, उद्या आनू का?"
सा.बा.च म्हणाल्या, "आन ना व. बसतो आमी."
ह्यांना पहाटेच निघायचं आहे, ड्यूटी आहे. दहाला मला अं.वा. उघडायची आहे.