गोलकीपरचा साक्षीदार

मास्तर, तुम्ही गेलात त्याला वीसहून जास्त वर्षं झाली, तेव्हा आधी खुशाली कळवतो. तुम्ही ज्याला गावाबाहेरचं रान म्हणायचात त्या सर्जापूर रोडवर मी सातव्या मजल्यावर राहतो. इमारतीत पुण्या-नागपूरहून आलेली पोरं पुष्कळ. रविवारी खालच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर परदेशातला फुटबॉल बघतात आणि इथल्या कानडी ऑटोवाल्यांची नावं माहीत नसली तरी तिकडच्या गोलकीपरच्या आजोबांचं गाव सांगतात. गेल्या आठवड्यात कुठल्याशा क्लबानं सामना ठरवून सोडला अशी बातमी आली आणि त्यांच्यात जुंपली. त्यातला एक नागपूरकर माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा, हे तर क्लिअर आहे ना?" मी म्हटलं, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, आणि जिन्यानं वर आलो. लिफ्ट चालू होती. हा खोटं बोलत नाही, असं तुम्ही माझ्याबद्दल चारचौघांत सांगायचात. त्याबद्दलच लिहायचं आहे.

नव्वदनंतरची ती वर्षं. शाळेत तुम्ही मला संस्कृत शिकवलंत, मी नोकरीला लागल्यावर पुन्हा दर गुरुवारी इंदिरानगरच्या तुमच्या घरी न्यायशास्त्र. पण आपलं खरं गुरुकुल म्हणजे स्टेडियमचा स्वस्तातला स्टँड. धोतर, कोट आणि बगलेत छत्री अशा थाटात तुम्ही पायरीवर वर्तमानपत्र पसरून बसायचात, आणि आपण ज्याच्या बाजूचे त्या कारखान्याच्या संघानं सोपा पास चुकवला की तुमच्या तोंडून जे शब्द निघत ते कुठल्याही कोशात सापडणार नाहीत. अख्खा स्टँड तुम्हाला कानडीत 'मेष्ट्रे' म्हणायचा, मराठीतून मास्तर म्हणणारा मी एकटा. सामना संपला की समोरच्या हॉटेलात उभ्या-उभ्या बाय-टू कॉफी, एका कपाची दोन करून अर्धी तुम्हाला, अर्धी मला. सोबत एक ऑटोवाला आणि एक बँकेतला कारकून. तुमचा लाडका होता गोलकीपर, कोलारकडचा, तेविशी-चोविशीतला, कंत्राटावर घेतलेला. खेळ सुरू होण्याआधी तो दोन्ही खांबांना हात लावून नमस्कार करायचा. संघात हा एकटाच संध्या करून येतो, असं तुम्ही म्हणायचात.

हंगामातल्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी आईचं मनगट दुखावलं म्हणून मी तिला हाडवैद्याकडे नेलं. आमच्या आधी पट्टी बांधून झालेला तोच गोलकीपर तिथं बसलेला आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांना बांबूच्या कामट्या, वर अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेली पट्टी. त्यानं मला चेहऱ्यानं ओळखलं, मेष्ट्रांच्या शेजारी बसणारे चष्मेवाले म्हणून. उद्याची मॅच होईपर्यंत कुणाला सांगू नका, असं तो कानडीत हळूच म्हणाला. उद्या खेळला नाही तर त्याचं कंत्राट वाढणार नव्हतं, सकाळी तो पट्टी कापून टाकणार होता. मी 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणालो. वचनाची मुदत मॅचपर्यंतच होती हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला वचनाला जागणारा माणूस समजत आलो.

दुसऱ्या दिवशी आपण चार गोलांनी हरलो. हरल्याचं दुःख नव्हतं, आपला संघ गुणतक्त्याच्या मध्यावर सुखात लोळत होता. पण समोरच्यांना पहिल्या विभागात टिकायला चार गोलांनीच जिंकायचं होतं, आणि चारही चेंडू त्याच्या हाताला लागून आत गेले. हॉटेलात ऑटोवाल्यानं निकाल देऊन टाकला की तो फितूर झाला, आता तिकडच्या कारखान्यात त्याला पर्मनंट करणार. तुम्ही म्हणालात, शक्य नाही. आणि मला लहर आली. पूर्वपक्ष, म्हणजे आपल्याला न पटणारी बाजू, असा मांडावा की प्रतिपक्षानंही मान डोलवावी, हे तुम्हीच शिकवलेलं. मी बोटांवर मोजत अनुमानाचे पाचही अवयव, म्हणजे न्यायशास्त्रातल्या पाच पायऱ्या, मांडले, तेही कानडीत. हा गोलकीपर फितूर आहे. कारण त्यानं समोरच्याला हवे तितकेच गोल सोडले. जो जो असं करतो तो तो फितूर असतो, आणि दाखल्याला दोन वर्षांपूर्वीचं एक जुनं प्रकरण. यानंही तेच केलं, म्हणून हा फितूर. ऑटोवाल्याला न्यायशास्त्र इतकं आवडलं की त्यानं माझ्यासाठी बाय-टू नव्हे, अख्खी कॉफी सांगितली.

तुम्ही एवढंच म्हणालात, "धूर दिसतोय खरा. पण ओलं लाकूड कुठं आहे ते बघितलंस का?" नुसत्या विस्तवानं धूर होत नाही, त्यात ओलं लाकूडही असावं लागतं, तसं चेंडू सुटण्यामागेही दुसरं काही असेल, ते आधी शोध, असा तुमचा मुद्दा. ते ओलं लाकूड मी आदल्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हटलं, रंगत आली आहे, जरा ताणू, शेवटी सांगून सगळ्यांना गार करू.

तो शेवट आलाच नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी वाद झाला आणि रोज मी जिंकलो. आजूबाजूचे लोक कप घेऊन जवळ सरकायला लागले. कारकुनानं प्रेक्षकांतर्फे लीगच्या कचेरीला अर्ज करायचं काढलं. टायपिंग त्याचं, मजकूर माझा, पहिली सही माझी. खाली पन्नासएक सह्या झाल्या. तुमची नव्हती.

चौकशी बसली. त्यानं बोटं दाखवली, तर ती मॅचच्या आधी मोडली की नंतर हे कोण सांगणार, असं त्याला विचारलं गेलं. हाडवैद्य कागद देत नाही. तेव्हा तो तुमच्या घरी आला आणि त्यानं तुम्हाला साक्षीदार सांगितला. त्या संध्याकाळी तुम्ही हॉटेलात शिरलात ते उजळलेल्या चेहऱ्यानं. तुमच्या पक्षाला प्रमाण मिळालं होतं. सगळे उभे होते, त्यांच्यासमोर तुम्ही मला विचारलंत.

"मॅचच्या आदल्या दिवशी तू त्याला हाडवैद्याकडे पाहिलंस?"

"नाही, मास्तर."

"नीट आठव. आईला घेऊन गेला होतास ना?"

"गेलो होतो. तो नव्हता तिथं."

तुम्ही ऑटोवाल्याकडे वळलात. "मग मी हरलो. हा खोटं बोलत नाही." विश्वासाच्या माणसाचा शब्द हेही प्रमाणच, त्याच्यापुढे तुमच्यासारख्या नैयायिकाचं काय चालणार. ऑटोवाल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी भीतीपोटी खोटं बोललो असं इथं लिहिणार होतो, आणि भीती होतीही; हो म्हटलं असतं तर सगळं माहीत असून इतके दिवस बोललो हे उघडं पडलं असतं. पण पाठीवर थाप पडली तेव्हा मला बरं वाटलं, मास्तर. मी तुम्हाला वादात हरवलं होतं. तुम्ही आपल्या अर्ध्या कॉफीतली घोटभर माझ्या कपात ओतलीत. शिष्यानं हरवलं की गुरूनं खूष व्हावं म्हणतात, तेही तुम्ही तिथल्या तिथे करून दाखवलंत.

त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि कंत्राट गेलं. पुढच्या हंगामात एकदा तो प्रेक्षक म्हणून आला होता. "नमस्कार, मेष्ट्रे," म्हणाला. तुम्ही लख्ख उन्हात छत्री उघडून तोंड फिरवलंत. तुमचं असं वागणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाजवळून पुढे जावं तसा पुढे गेला.

तुमच्या शेवटच्या आजारात मी रोज येत होतो. एका दुपारी तुम्ही म्हणालात, "माणूस ओळखण्यात मी चुकलो रे. त्या गोलकीपरसाठी चारचौघांत तुझ्याशी उगाच भांडलो." तुमच्या पायांवरचं पांघरूण मी नीट केलं आणि म्हणालो, "असू द्या, मास्तर. चूक कुणाचीही होते." म्हणजे मी तुम्हाला क्षमा केली. चार दिवसांनी तुम्ही गेलात, ती क्षमा घेऊनच.

तो याच शहरात आहे. एचएसआर लेआउटच्या मागच्या गल्लीत त्याचं खेळाच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. दोनदा मी दारापर्यंत जाऊन परतलो. तिसऱ्यांदा आत गेलो, आणि काय हवं असं त्यानं विचारल्यावर एक शिट्टी विकत घेतली. या वयात मी शिट्टी कुठे वाजवणार हे त्यानं विचारलं नाही. ती कागदात गुंडाळताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळच राहिली, ती आता वाकत नाहीत. त्यानं मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही.

पाकिटावर त्या दुकानाचा पत्ता घातला तर हे सगळं दोन दिवसांत त्याच्या हातात पडेल. पण त्याला मराठी वाचता येत नाही, आणि लिहायला बसलो तेव्हाही मला ते ठाऊक होतं. मी तुमच्याच कानडी शाळेत शिकलो, मास्तर. कानडी मला मराठीपेक्षा चांगली लिहिता येते.