बिळातलं भात

बा, कालपासून माझं कशातच चित्त नाही. जेवायला बसते आणि अर्ध्यावर उठते. मी आता रोह्याच्या लॅबमध्ये तपासणीचं काम करते, ते बघायला तू राहिला नाहीस.

गडब गावच्या शेतात कापणी उरकली की तू पहार घेऊन बांधावरची उंदरांची बिळं खणायचास आणि मी टोपली घेऊन मागे. तुला उंदीर हवे असत, मला मात्र ओढ बिळाच्या तळाशी साठवलेल्या लोंब्यांची. पहिली मूठ तू माझ्याच हातावर ठेवतोस. "खा गो, उंदरानं तुझ्यासाठीच राखलंय." मी तिथेच उकिडवी बसून दाणे सोलते आहे, ओठांना माती लागली आहे आणि तू हसतो आहेस. उंदीर आपण घरी नीट भाजून खायचो. कच्चं खायचो ते एवढं भातच.

परवा ताईच्या धाकटीची शौचाची तपासणी माझ्याकडे आली. पोर सारखी पोट धरून बसते, खाल्लेलं अंगाला लागत नाही. मायक्रोस्कोपखाली अंडी दिसली, उंदराच्या आतड्यातल्या जंताची. धान्यातले बारीक किडे उंदरांच्या लेंड्या खातात आणि तेच किडे कच्च्या दाण्यांबरोबर पोरांच्या पोटात जातात. डॉक्टर म्हणाले, "उंदीर खातात, दुसरं काय होणार?" मला राग आला. भाजलेल्या उंदराने हे होत नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. धाकटी गोळ्यांनी बरी होईल. पण कापणी आत्ताच झाली आहे, आपल्या वाडीतली सगळी पोरं बिळांपाशी हात पसरून बसली असणार.

म्हणून काल वाडीवर गेले. भात वाळवा, पाखडा, शिजवून द्या, कच्चं देऊ नका, घसा फोडून सांगितलं. कोणी ऐकेना. ताईच म्हणाली, "बा आपल्याला द्यायचा. आपण मेलो नाय." बायका हसल्या. तिच्या मांडीवर धाकटी दाणे सोलत बसली होती.

तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले, "आपल्या बाला अक्कल नव्हती."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पोरीची मूठ उघडली आणि दाणे सुपात टाकले. हळूहळू बाकीच्यांनीही टाकले.

हे पत्र तुला कुठे पाठवू? ताईला दाखवायची हिंमत नाही. बा, तेवढ्या लाडाने मला पुन्हा कुणी काही दिलं नाही. हे मात्र मी वाडीवर बोलले नाही.