हरवलेले वीस व्होल्ट

३ जानेवारी

इस्त्री पुन्हा रुसली! जाड पडद्याची घडी बसता बसेना. तीच इस्त्री स्वयंपाकघरात चटका देते आणि मागच्या खोलीत, माझ्या मशीनशेजारी आली की मरगळते. हे म्हणाले, "तुझ्यासारखीच आहे, खोली बघून तापते." मी हसले नाही.

सासूबाईंनी थंडी पडल्यापासून पलंग मधल्या भिंतीला लावून घेतलाय. "या भिंतीला पाठ टेकली की दुखणं पळतं." मलम मी चोळते, श्रेय भिंतीला! वर शेजारणीला सांगत होत्या, "तिला काय, दिवसभर मशीनवर बसून तर असते." दार उघडंच होतं. दहा वर्षं शिवतेय मी या घरात. लागलं मनाला.

५ जानेवारी

वीजदुरुस्तीच्या वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, किती ओहम ते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे शक्ती, किती वॉट ते. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच. पण यातून काही सुटत नाही."

९ जानेवारी

मॅडमनी मीटर घरी न्यायला दिला. चिमट्यासारखा आहे — तारेला नुसता विळखा घालायचा, आतली विजेची धारा किती अँपिअर ते आकड्यात दिसतं. इस्त्रीच्या वायरीला घातला. शून्य! इस्त्री तर चालू. खात्री करायला बोट लावलं — चांगलंच पोळलं. अतिशहाणपणा.

१० जानेवारी

मॅडम पोट धरून हसल्या. मी अख्खी वायर धरली होती. तिच्यात दोन तारा — एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोन्ही एकदम धरल्या की मीटर एकीतून दुसरी वजा करतो. एकच धरायची. म्हणजे कालच्या त्या शून्यात केवढी वर्दळ चालली होती! डोक्यातून जाईना. आमटीत मीठ दोनदा पडलं. सासूबाई पाणी पीत पीत जेवल्या, पण का कोण जाणे, काही बोलल्या नाहीत.

११ जानेवारी

मॅडमनी तारा सुट्या केलेली एक जोडवायर दिली होती, ती प्लग आणि इस्त्रीच्या मध्ये लावली. मागची खोली, इस्त्री चालू — मीटरच्या दोन सुया खोचून २१० व्होल्ट. ५ अँपिअर. भागाकार केला — ४२ ओहम. गुणाकार — १०५० वॉट.

इस्त्रीच्या पोटातली ती तार मी कधी पाहिली नाही. झाकणसुद्धा उघडलं नाही. तरी तिचा रोध मला ठाऊक! अंगावर काटाच आला. कागद उलटा करून पुन्हा भागलं, तेच आलं.

मग यांना पुढच्या बोर्डावर मोजायला लावलं. तिथे २३०! बोर्डापासून माझ्या मशीनपर्यंत येताना वीस व्होल्ट गेले कुठे?

१२ जानेवारी

मॅडम म्हणाल्या, "हरवत काही नाही. वाटेत खर्च होतायत. गुणाकार कर बघू."

वीस गुणिले पाच. शंभर वॉट. शंभराच्या दिव्याला हात लावता येत नाही. तसा एक दिवा माझ्या घरात कुठेतरी जळतोय, उजेड न देता! कुठे असेल? वायर बोर्डापासून निघते, मधल्या भिंतीतून...

सासूबाईंची भिंत!

वर्ग अर्धा टाकून धावत घरी. इस्त्री लावली आणि पलंगामागे तळहात टेकला. हळूहळू भिंत तापली, ताप चढलेल्या कपाळासारखी. इस्त्री काढली. भिंत निवत गेली. केवढी भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर केवढं नवलही! कागदावरचे शंभर माझ्या तळहाताला लागत होते.

१३ जानेवारी

सासूबाई हटून बसल्या. "पलंग हलणार नाही. भिंत फोडायची नाही."

"आई, आग लागेल हो!"

"आजवर लागली का?"

हे समजावायला गेले तर त्यांनाही तेच. इस्त्री कपाटात ठेवून कुलूप घातलं. वायरमन परवा येतोय.

१४ जानेवारी

दिवसभर इस्त्री बंद. कापायला, टाके घालायला काम पुष्कळ. दुपारी सासूबाई गुडघे धरत मागच्या खोलीच्या दारात आल्या. "बरं नाही का तुला आज?"

दहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं असेल! "बरी आहे की," म्हटलं. बघत उभ्या राहिल्या, मग गेल्या. असं का वाटलं त्यांना, देव जाणे.

१५ जानेवारी

शेवटी यांनी पलंग ओढला तेव्हा उठल्या, धुसफुसत. वायरमनने गिलावा फोडला. आत जुना जोड, नुसता पिळा मारलेला. चिकटपट्टीचा कोळसा. मागची लाकडी पट्टी काळी ठिक्कर. "ताई, इस्त्री मधूनमधून आपोआप बंद होते म्हणून वाचलात. सलग चालली असती तर पलंग पेटला असता." सासूबाई त्या भोकाकडे बघत राहिल्या.

नवी वायर. पुन्हा मोजलं — २२७ व्होल्ट, ५.४ अँपिअर. भागलं. बेचाळीस! व्होल्ट बदलले, अँपिअर बदलले, ते बेचाळीस जिथल्या तिथे. हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

पडद्याची घडी एका फेरीत बसली.

१७ जानेवारी

सासूबाईंची पाठ पुन्हा धरली. मलम चोळत होते. म्हणाल्या, "भिंत गार पडली. आता कळत नाही."

"काय कळत नाही, आई?"

"तू इस्त्री लावलीस की तापायची, थांबलीस की निवायची. त्या दिवशी दिवसभर गार, म्हणून तर बघायला आले. तू किती राबतेस... माझ्या तोंडाचं सोड, पाठीला ठाऊक होतं."