पितळी खुळखुळा

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तू आणि वहिनी खुशाल असाल. इकडे मी, बाळ, बाळाचा बाबा आणि मदतीला आलेली आई, सगळे ठीक आहोत. तुझं पार्सल परवा पोचलं. पोस्टमनने ते दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि विचारलं, यात काय इंजिन आहे का? भाचीसाठी मामाने केलेलं खेळणं आहे म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे आणि मग बाळाकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

दादा, खुळखुळा देखणा झालाय. पितळेला काय झळाळी आणलीस! मुठीवर बारीक खाचा, आणि कुठे म्हणून हाताला धार लागत नाही. बॉयलरच्या कारखान्यातल्या फिटरने हे केलंय असं सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. पण अरे, तो उचलणार कोण? बाईसाहेबांची मूठ अजून माझ्या अंगठ्याएवढी. शाळेत जाऊ लागल्या की कदाचित दोन्ही हातांनी उचलतील. तोवर वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो दाराला लावून ठेवायचा माझा विचार आहे.

चिडू नकोस. या बाबतीत तू एकटा नाहीस. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी मिळून एक अस्वल दिलंय, ते खुर्चीत बसलं की माणसांनी उभं राहायचं. नणंदेने सॅटिनचा पांढराशुभ्र झगा पाठवलाय. त्याला पाठीवर वरपासून खालपर्यंत इवलीइवली बटणं आहेत, आणि शेवटचं लावेपर्यंत झगा ओला झालेला असतो. सासऱ्यांनी तीनचाकी सायकल दिली. शेजारच्या काकांनी पृथ्वीचा गोल दिला, दिव्यासकट. सगळ्यांनी अगदी मनापासून दिलंय, म्हणून बोलताही येत नाही. लंगोट द्यायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

आणि त्या खुळखुळ्याचा आवाज! आत काय घातलंस, बेअरिंगच्या गोळ्या? नवरोबाने पार्सल उघडून तो हलवला तर वरच्या मजल्यावरच्या बाई काय पडलं म्हणून खाली आल्या. आईच्या हातातली बशी फुटली. हा बिचारा बेकरीत पहाटेच्या पाळीला जातो आणि दुपारी झोपतो. म्हणाला, दुपारी हे जो वाजवेल त्याला मी भट्टीत घालीन.

बाळ मात्र झोपलेलं होतं, ते झोपलेलंच राहिलं. फार शांत आहे ती. दार आपटू दे, भांडं पडू दे, तिची झोप मोडत नाही. येणारे जाणारे म्हणतात, तुम्ही नशीबवान. नवरोबा तर सांगत सुटलाय की बेकरीवाल्याच्या घरी जशी लेक हवी तशीच आली. खरंच गुणी आहे ती.

आई मजेत आहे. जरा गप्प गप्प असते, एवढंच. तुझा खुळखुळा तिने कपाटावर, पार मागे, जुन्या बॅगेच्या आड ठेवून दिलाय. बाळाच्या डोक्यात पडेल म्हणते. जिला अजून कूस बदलता येत नाही तिच्या डोक्यात तो कसा पडेल, हे मी विचारलं नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं "हो, हो, छान" म्हणतोस, म्हणून म्हटलं पत्र बरं. वहिनीला नमस्कार. हवा बदलतेय, दोघंही जपा.

तुझी,
भोंगा

१७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे लिहायला बसलेय. वहिनीच्या हातात देण्याआधी हे तू एकट्याने वाच.

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण जे लिहायचं होतं त्याच्या भोवती नुसत्या चकरा मारल्या. आता सरळ लिहिते.

ते पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेली होती. मी स्टुलावर चढून तुझा खुळखुळा काढला. बाळ जागं होतं, छताकडे बघत मजेत पाय झाडत होतं. मी तिच्या डोक्यामागे उभी राहिले आणि तो हलवला. माझ्याच कानठळ्या बसल्या. तिचे पाय थांबलेसुद्धा नाहीत. मग उजव्या बाजूने हलवला, डाव्या बाजूने हलवला. काही नाही. शेवटी मी तिच्यासमोर आले, तर मला बघून ती हसली. इतकी गोड हसली की मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले.

मान वर केली तर दारात आई. केस ओले, टॉवेल हातात. म्हणाली, "ठेव तो परत." मला वाटलं होतं, ती विचारेल, का रडतेस, काय झालं. तिने विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे तिने आधी कधीतरी पाहिलेलं आहे.

बाळ जन्मलं तेव्हा दवाखान्यात तिचे कान तपासले होते. त्या तपासणीचा निकाल नीट आला नव्हता. नर्स म्हणाली होती, कानात पाणी असेल, पुन्हा करू, आणि मी मान डोलावली होती. काल पुन्हा घेऊन गेले, आईही बरोबर आली. पुन्हा तेच. डॉक्टरबाई तरुण आहेत, पण आडपडदा ठेवत नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, पाणी असू शकतं, अशा बाळांना आम्ही काही महिने थांबून परत बोलावतो. पण घरात कुणाला जन्मापासून, लहानपणापासून ऐकण्याचा त्रास असेल तर थांबायचं नाही. मग लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवायचं आणि गरज असेल तर यंत्र लावायचं. जेवढं लवकर लागेल तेवढं मूल बोलायला लवकर शिकतं. मग त्यांनी विचारलं, "आहे का घरात कुणी तसं?"

माझ्या आधी आई म्हणाली, "नाही. आमच्यात कुणी नाही."

मी म्हटलं, दादा आहे की. आई माझ्याकडे न बघता डॉक्टरबाईंना म्हणाली, "त्याचे कान कारखान्याने खाल्ले. लहानपणी ठणठणीत होता."

मग थांबू या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत आईने बाळाला माझ्या हातात दिलं नाही. नवरोबा मात्र खूश. थांबायला सांगितलं म्हणजे काही नाही, तू उगाच खुसपट काढतेस, म्हणाला. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायची तुझी नोकरी, आता घरीही तुला तक्रारच दिसते, म्हणे. मग आमचं जुंपलं. इतक्या मोठ्याने आम्ही कधीच भांडलो नव्हतो. बाळ आमच्या मधे पलंगावर झोपलेलं होतं. बोलता बोलता त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं, मग माझं गेलं. ती ढिम्म झोपली होती. त्याने तिचं पांघरूण सारखं केलं, आणि त्यानंतर त्याने तो विषय काढलेला नाही. पण मोठ्या रुग्णालयात जाऊ, असंही तो म्हणत नाही. डॉक्टर सांगतात तर थांबू, या एका वाक्याला धरून बसलाय.

दादा, बॉयलरच्या आत दिवसभर हातोडे पडतात, तिथे कुणाचेही कान जातील. आपल्या घरात सगळे हेच सांगतात, मीही लोकांना हेच सांगत आले. पण कालपासून मी आठवतेय. तू उंच असूनही पहिल्या बाकावर बसायचास. वर्गात खिडकीची काच कुणी फोडली म्हणून मास्तरांनी विचारलं आणि तू हसून "हो" म्हणालास, मार खाल्लास. काच फोडणारा दुसराच होता. घरी ही गोष्ट अजून विनोद म्हणून सांगतात. दिवे गेले की तू एकदम मुका व्हायचास, आणि दादा अंधाराला घाबरतो म्हणून मी तुला चिडवायचे. आता वाटतं, अंधारात तुला आमची तोंडं दिसत नव्हती. हे सगळं कारखान्याच्या कितीतरी आधीचं आहे. आणि मला भोंगा हे नाव पाडलं कुणी? तूच. अरे, हळू बोललं तर तू वळायचासच नाहीस. मी भोंगा झाले ती तुझ्याशी बोलून बोलून.

बाळंतपण किती अवघड गेलं ते मी तुला फोनवर सांगत होते, आणि तू "छान, छान" म्हणालास. मी कितीतरी दिवस तो राग मनात धरला होता. आता राग गेला. त्याच्या जागी भीती बसलीय, ती रागापेक्षा वाईट आहे.

एक शब्द आपल्या घरात कुणी उच्चारत नाही. तंद्रीत असतो म्हणायचं, आपल्याच नादात असतो म्हणायचं. शेजारच्या पोराने तुला तो शब्द वापरला तेव्हा आई त्याच्या घरी जाऊन कडाकडा भांडली होती. मलाही तो इथे लिहायला हात धजत नाही. मी आईला दोष देत नाही. तुला कुणी हिणवू नये, तुझी नोकरी, तुझं लग्न अडू नये, म्हणून ती जन्मभर तुझ्यापुढे ढालीसारखी उभी राहिली. पण आता मला माझ्या लेकीसाठी उभं राहायचंय आणि वाटेत आईच उभी आहे.

म्हणून विचारते. तुला लहानपणी ऐकू येत होतं का? महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी डॉक्टरबाई पुन्हा बसणार आहेत, तेव्हा मी त्यांना परत गाठणार आहे. आई तिथेही नाहीच म्हणेल. माझ्याकडे नुसता संशय आहे, त्याच्या जोरावर आईला डॉक्टरांसमोर खोटं पाडायचं धैर्य मला होत नाही. खरं काय ते तुलाच ठाऊक. तू नाही सांगितलंस तर बाळ थांबेल, आणि तिचे हे महिने कुणी परत देणार नाही.

"हो, छान" असं उत्तर पाठवू नकोस.

वाट बघणारी,
भोंगा

२२ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

अनेक आशीर्वाद. दोन्ही पत्रं मिळाली. मला लिहायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घे.

आधी खुळखुळ्याचं. लहान मुलाच्या हाताला किती वजन झेपतं ते मला कळतं, मी काही बैल नाही. आधी मी हलकेच खुळखुळे केले होते. पत्र्याचे, बारीक मुठीचे, आत तांदळाएवढे छर्रे. पण हलवले की वाजेनात. वाटलं, पत्रा जाड झाला. पातळ पत्रा घेऊन पुन्हा केले. तरी नाही. मग पितळ घेतलं, आत बेअरिंगच्या गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे वाजल्यासारखा वाटला. म्हटलं, आता जमलं, आणि तुला पाठवून दिला. हलके होते ते भंगाराच्या डब्यात टाकले.

तुझं दुसरं पत्र वाचून मी ते डब्यातून काढले. पुसले आणि तुझ्या वहिनीपुढे धरले. तिने एक हलवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "अहो, हे तर किती गोड वाजतात." मग मी तिला तुझं पत्र दिलं. ती वाचून खूप वेळ रडली. तिलाही मी आजवर कारखान्याचंच सांगत आलो होतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. येत नव्हतं. मोठं असेल ते थोडं यायचं, तुझं यायचं. मला वाटायचं, सगळ्यांना एवढंच येतं आणि बाकीची पोरं माझ्यापेक्षा हुशार आहेत म्हणून त्यांना कळतं. आईच्या लक्षात आलं तेव्हा तिने मला आरशापुढे बसवून ओठांवरून शब्द ओळखायला शिकवलं. रोज स्वयंपाक आटपला की बसवायची. समोर बघ म्हणायची, आणि कळलं नाही तर हसून हो म्हण. तिने ते शिकवलं म्हणून माझं निभावलं. तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. पण सारखं हो म्हणून माणूस थकतो गं. भाचीने तसं राहायला नको. काच कुणी फोडली असं कुणी विचारलं तर तिला ते ऐकू आलं पाहिजे, म्हणजे नाही म्हणता येईल.

तुझ्या त्या फोनचं. मला फक्त तुझा आवाज कळला होता, शब्द कळले नव्हते. आवाज ऐकून बरं वाटलं म्हणून छान म्हणालो.

मी बुधवारी येतोय. रजा टाकली. साहेबाने कारण विचारलं, ते खरं सांगितलं. गुरुवारी आईला बरोबर घेच, मी तिच्या शेजारी बसेन. ती नाही म्हणाली की मी बोलेन. जावयांनाही घेऊ. हलके खुळखुळे आणतोय. यंत्र लागलं की तेच आधी वाजवा. पितळी तोवर दाराला लावलास तरी चालेल.

डॉक्टरबाईंना आधीच सांगून ठेव की मामाशी समोर बघून आणि मोठ्याने बोलावं लागतं. आई जवळ असताना सांग, चोरून नको.

तुझा
बहिरा दादा