बोडिलच्या अंगणातली चौथी जागा

लेमविग, मंगळवार

प्रिय आस्गर,

पाच वर्षांनी माझं नाव दिसलं म्हणून तू आधी चष्मा पुसला असशील. तिकडे बर्गनला तुला चष्मा लागला का, हेही मला ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची उत्सुकता मात्र दांडगी आहे. तू मला 'चौकशीची खिडकी' म्हणायचास ते काही खोटं नव्हतं. टपालाने पोचेपर्यंत मुदत निघून जाईल म्हणून हे ईमेलने पाठवते आहे. कसली मुदत ते सांगते. पण त्याआधी बातमी. मला मुलगी आहे, दहा महिन्यांची. सिग्ने नाव. तिला वडील नाहीत, म्हणजे आरहूसच्या दवाखान्याच्या कागदावर दात्याचा एक आकडा आहे, तेवढाच. मी एकटीनेच ठरवलं आणि एकटीच जाऊन आले. तुला हे कुणी आधीच सांगितलं असेल तर मी उशिरा सांगितलं म्हणून रागाव.

बाळंतपण अवघड असतं असं सगळ्या बायका घाबरवून सांगतात. बाळ कुठे ठेवायचं हे त्याहून अवघड असतं, हे कुणी सांगत नाही. माझी रजा फेब्रुवारीअखेर संपते. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत माझी शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, आणि रजा वाढवली तर जागा दुसऱ्याला देऊ, असं साहेबांनी गोड हसून सांगितलंय. तेव्हा मी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला आणि हिशेब मांडला. बंदरावरचं पाळणाघर महिना चार हजार क्रोनरच्या वर, आणि जागा थेट ऑगस्टमध्ये. शेजारच्या गावात एक खासगी बाई आहे, ती साडेपाच हजार मागते आणि तिथे जायला गाडी हवी. ती तर मी दवाखान्याचं बिल भागवायला विकली. राहिल्या पालिकेच्या बायका, आपल्या घरी चार-चार मुलं सांभाळणाऱ्या. त्यांचे तीन हजार तीनशे, आणि एकट्या आईला त्यातही बरीच सवलत. तीनदा बेरीज केली. तिन्ही वेळा माझ्या पगारात फक्त हेच बसलं.

तरी मी सगळीकडे डोकावून आले, स्वभावच तो. बंदरावरच्या पाळणाघरात बारा इवलेसे रबरी बूट उलटे टांगलेले होते. मी विचारलं, असे उलटे का? तिथली मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "पाणी गळायला. दुसरं काय असणार?" खासगी बाईंनी नियमांची दोन पानं हातात ठेवली, त्यात आईने दारात किती वेळ रडायचं तेसुद्धा होतं. एक मिनिट. मग पालिकेच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "गावातलं कुठलंही घर चालेल या चौकटीत खूण करा, लवकर नंबर लागेल." केली खूण. लेमविगमध्ये मुलं सांभाळणाऱ्या बायका काय थोड्या आहेत, असं मला वाटलं. नऊ आहेत. गेल्या गुरुवारी पत्र आलं: एक मार्चपासून जागा उपलब्ध, सांभाळणाऱ्या बाईंचं नाव बोडिल थोरुप. होकार पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवावा. नाकारल्यास यादीत शेवटी, म्हणजे पुन्हा ऑगस्ट.

मी जिन्यात बसूनच ते पत्र वाचलं. तुझ्या आईचं नाव असं पालिकेच्या शिक्क्याखाली कधी वाचलं नव्हतं.

बघायला जायची पद्धत आहे, म्हणून काल गेले. सिग्नेला सायकलच्या पुढच्या पेटीत बसवलं आणि चर्चमागचा तो चढ धापा टाकत चढले. वाटेत पन्नास वाक्यं जुळवली होती. दार उघडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बूट काढ. हिची टोपी राहू दे, बाहेर झोपायची वेळ झालीये." बस! सहा वर्षं ज्या घरात मी रविवारी जेवले, आणि जिथून निरोप न घेता निघून गेले, तिथे हे माझं स्वागत. मला हायसं वाटलं आणि थोडं लागलंही.

अंगणात लाकडाच्या खोपटाच्या आडोशाला तीन बाबागाड्या उभ्या होत्या, उणे तीन तापमानात, आणि तिन्हींतून फक्त लाल नाकं दिसत होती. आपणही असेच बाहेर झोपून वाढलो, पण सगळ्या मुलांना एकाच वेळी झोप कशी येते, हे मला कधी कळलं नव्हतं. विचारलंच. तुझी आई म्हणाली, "झोपवतंय कोण? मी तिथे जाऊन उभी राहते आणि जमेल तेवढी कंटाळवाणी होते. बघूनच झोपतात बिचारी." शेजारी चौथी गाडी रिकामी होती, तिच्यात सिग्नेला ठेवलं. माझ्याकडे एक तास गळा काढणारी ही बया सात मिनिटांत गाढ. मी घड्याळ लावलं होतं. आनंद व्हायला हवा होता, पण आधी मत्सर वाटला, हे तुला सांगायला हरकत नाही.

स्वयंपाकघरात बन आणि कॉफी. खिडकीपाशी उभी राहिले आणि ईस्टरच्या सुटीआधीचा तो दिवस आठवला. दुपारी पालक मुलांना न्यायला आले होते, सणाच्या तयारीमुळे सगळ्यांनाच उशीर झालेला, आणि तू एकेका पोराला उचलून या खिडकीतून हात हलवायला लावत होतास. जेवताना तुझी आई म्हणाली, "तुम्हा दोघांसाठी एक जागा राखून ठेवते हं, मग नको म्हणू नका." सगळे हसले, तुझ्या बाबांनी तर टेबलावर मूठ आपटली. तू हसला नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी बटाट्यांचं भांडं उचलून आत गेले. त्याच वर्षी जूनमध्ये मी सामान बांधलं आणि तुला सांगितलं की मला मूल नको आहे, कधीच नको आहे.

ते खरं नव्हतं, आस्गर. हवं की नको, हे मला माहीत नव्हतं. जगाला प्रश्न विचारत फिरणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात "मला माहीत नाही" म्हणायची लाज वाटली. तू आणखी दहा वर्षं थांबला असतास, हे मला ठाऊक होतं, आणि त्याचीच भीती वाटली. म्हणून "नको" म्हणून मोकळी झाले. मग तीन वर्षांनी एका सकाळी, दुधाचे नमुने तपासता तपासता, उत्तर आलं. तेव्हा तू बर्गनला होतास आणि तुला फोन करायचं तोंड मला नव्हतं. तू वाईट बाप झाला असतास असं मला कधी वाटलं असेल, असं मनात आणू नकोस. दोष तुझा नव्हता. हे पाच वर्षं सांगायचं राहून गेलं, त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

निघताना मी धीर करून विचारलं, "आणि आस्गरचं काय?" तुझी आई म्हणाली, "त्याचं काय? पालिका पोर पाठवते, मी सांभाळते. कुणाचं आहे ते बघत बसले तर झालंच." असं म्हणून त्यांनी माझ्या भरलेल्या कपात आणखी कॉफी ओतली. ती बशीतून टेबलावर सांडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग पुसता पुसता म्हणाल्या, "तो जूनमध्ये येतो, तीन आठवडे. काही बोलायचा नाही तो. कशालाच काही म्हणत नाही." बरोबर आहे. तू बोलणार नाहीस. सकाळी कॉफी घ्यायला स्वयंपाकघरात येशील, माझी मुलगी तुझ्या आईच्या मांडीवर बसलेली असेल, आणि तू पोरांना हात हलवायला लावशील, तिलाही, आणि रात्री परतीचं तिकीट लवकरचं करून टाकशील.

म्हणून हे पत्र. मी ते लिहिते आहे हे तुझ्या आईला माहीत नाही, आणि माझ्याकडून कळणारही नाही. तुला सोसवणार नसेल तर फक्त 'नको' लिही. कारण मागणार नाही. मी पालिकेला कळवीन की सायकलने तो चढ रोज झेपत नाही, आणि त्यावर लेमविगमध्ये कुणीही विश्वास ठेवील. माझ्या अडचणींचा विचार करू नकोस. वर एवढं रडगाणं लिहून हे म्हणणं लबाडीचं आहे, पण ते खोडत नाही. तुझा 'हो' आल्याशिवाय शुक्रवारी बारापर्यंत माझा होकार जाणार नाही. मागच्या वेळी आपल्या दोघांचं मी एकटीनेच ठरवून टाकलं. हे मात्र तुला विचारल्याशिवाय ठरवणार नाही.

कधी काळी तुझीच असलेली,
सिसेल